वाचकांचे प्रश्न : सूतकताईसाठी मेंढ्या कोणत्या घ्याव्यात?

प्रश्न : आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरातील सहा मैत्रिणी गेली चार वर्षे टकळीवर आणि चरख्यावर लोकर कातत आहोत. पूर्वी धुतलेली लोकर बाहेरून मागवत असू. महूच्या पुढे मानपूर रस्त्याला माझी तीन एकर जमीन आहे आणि तेथे राखणदाराचे कुटुंब राहते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तेथून जाणाऱ्या राजस्थानी मेंढपाळांकडून मी आठ मेंढ्या आणि एक नर विकत घेतला. तोंडे काळी, अंग पांढरे. त्यांच्या लोकरीचे सूत निघते, परंतु ते राठ असते, अंगाला टोचते आणि रंगवल्यावर त्यात काही पांढरे केस तसेच राहतात. पावसाळ्यानंतर कातरलेली लोकर तर पिवळीच निघाली. ती कितीही धुतली तरी पांढरी होत नाही. या मेंढ्या विकून मेरिनो जातीच्या आणाव्यात असे आमच्यातील काही जणींचे म्हणणे आहे. मऊ सुतासाठी कोणत्या मेंढ्या, किती आणि कोठून घ्याव्यात? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेले लोकरीचे दोन्ही पुंजके मी काळ्या कापडावर पसरून, सुईने उकलून पाहिले. पांढऱ्या लोकरीची परीक्षा काळ्या कापडावरच करावी, कारण हातात धरून जे दिसत नाही ते तेथे चटकन नजरेत भरते. चैत्रात कातरलेल्या आपल्या पुंजक्यात तीन प्रकारचे तंतू आहेत. पहिला बारीक, नागमोडी आणि चांगला मऊ आहे. दुसरा त्याहून लांब, सरळ आणि जाड आहे. तिसरा आखूड, खडूसारखा पांढराफटक आणि नखाने वाकवला की मोडणारा आहे. हा तिसरा तंतू आतून पोकळ असतो आणि त्यामुळे त्याच्यावर रंग दिसत नाही. रंगवलेल्या सुतात आपल्याला जे पांढरे केस आढळतात ते हेच. टोचण्याचे कारण मुख्यतः दुसऱ्या तंतूत आहे. तंतूची जाडी साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेली की त्याचे टोक कातडीला लागून वाकत नाही, रुतते. आणि असे तंतू शंभरात पाच-सहा असले तरी अख्खा कपडा टोचरा वाटतो.

वर्णनावरून आपल्या मेंढ्या मारवाडी जातीच्या दिसतात. पाली, जालोर, जोधपूर या भागांतील राईका मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास हे कळप घेऊन माळव्यात उतरतात, आपल्याकडचे शेतकरी खतासाठी त्या मेंढ्या रानात बसवून घेतात, आणि पाऊस आला की कळप परत फिरतात. एवढी चाल करणारी, कमी पाण्यावर आणि वाळल्या पाल्यावर तगणारी मेंढी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केली आहे. तिची लोकर गालिच्यासाठी जाते, आणि पायाखाली दबून पुन्हा उभे राहण्यासाठी गालिच्याला राठ तंतूच लागतो. तेव्हा मेंढीत खोट नाही. ती आपल्या कामासाठी निवडली गेलेली नाही, एवढेच.

आपल्या तीन तक्रारींपैकी टोचरेपणा आणि पांढरे केस या दोन रक्तातल्या आहेत, तर पिवळेपणा ऋतूचा आहे. नव्या मेंढ्या आणल्या आणि कातरणीचे वेळापत्रक तसेच ठेवले, तर तिसरी तक्रार जशीच्या तशी राहील. उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की मेंढीच्या घामातील क्षार लोकरीत साचतात आणि तंतूवर पिवळा डाग पक्का बसतो. तो धुऊन जात नाही. राजस्थानातही पावसाळ्यानंतरची कातरण याच कारणाने पिवळी निघते आणि कमी भावाने विकली जाते. आपल्याकडे इलाज असा आहे की दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर एक कातरणी करावी आणि ती लोकर गडद रंगासाठी किंवा आसनांसाठी बाजूला ठेवावी; मग कार्तिक ते फाल्गुन या कोरड्या, थंड महिन्यांत जी लोकर वाढेल ती चैत्र लागता लागता कातरावी. पाच महिन्यांत चांगल्या जातीच्या मेंढीवर दोन ते अडीच इंच तंतू येतो आणि हाताने कातायला तो पुरतो. ही चैत्राची लोकर म्हणजे आपले वर्षाचे खरे पीक समजावे. उन्हाळ्यातील उपासमारीने तंतूत जो कच्चा भाग येतो तोही अशा वेळापत्रकात दसऱ्यानंतरच्या, दुय्यम कातरणीत जातो. कच्चा भाग ओळखायचा तर पेन्सिलीइतका जाड पुंजका दोन्ही टोकांनी धरून कानाशी न्यावा आणि झटका द्यावा. चांगला पुंजका तारेसारखा टणत्कार करतो. कच्चा असेल तर बारीक चरचर ऐकू येते आणि मधूनच तुटतो.

आता मेरिनोविषयी. ही लोकर २४ मायक्रॉनच्या आतली, अतिशय मऊ, आणि एकदा बोटांतून गेली की दुसरी नकोशी वाटते, हे मी मान्य करते. तरीही माळव्याच्या काळ्या मातीत ती मेंढी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या अंगावर लोकर दाट असते, कातडीला घड्या असतात आणि लॅनोलिन, म्हणजे लोकरीतील चिकट मेण, भरपूर असते. आषाढात भिजलेली अशी लोकर दिवसेंदिवस वाळत नाही. बारा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मेरिनोचा संकर म्हणून मला एक देखणा नर विकला. पहिला पावसाळा त्याने कसाबसा काढला. दुसऱ्या श्रावणात त्याचे खूर चिखलाने सडले, शेपटीखालच्या ओल्या लोकरीत माशीने अंडी घातली आणि मला कळेपर्यंत कातडीत अळ्या पडल्या होत्या. तो गेला, आणि त्याची जेमतेम चार कोकरे उरली. ती हळहळ अजून गेलेली नाही. राजस्थानातील टोंक जिल्ह्यात अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने चोकला आणि नाली या देशी मेंढ्यांचा रांबुइए व मेरिनो नरांशी संकर करून भारत मेरिनो हा वाण तयार केला आहे. परंतु त्याचा कळप आज तामिळनाडूत कोडाईकनालजवळच्या मन्नवनूरच्या थंड डोंगरावर सांभाळला जातो. तज्ज्ञांच्या हातातील मेंढ्यांनाही थंड हवा शोधावी लागली, हे आपण लक्षात घ्यावे.

आपल्यासाठी दोन जाती विचारात घेण्यासारख्या आहेत आणि दोन्ही राजस्थानच्याच आहेत. चोकला ही शेखावाटीकडची मेंढी. तिचे तोंड तांबूस-तपकिरी, तो रंग मानेच्या मध्यापर्यंत उतरलेला आणि चेहऱ्यावर लोकर नसते. आपल्या देशी गालिचा-लोकरीत हिची लोकर सर्वांत बारीक मानली जाते. सरासरी जाडी २८ ते ३० मायक्रॉनच्या आसपास. दुसरी मगरा, बिकानेरची. तोंड पांढरे आणि डोळ्यांभोवती फिकट तपकिरी डाग, ही तिची खूण. लोकर चोकलापेक्षा थोडी जाड असते, पण तिला एक झळाळी असते, आणि रंगवल्यावर ती रेशमासारखी उजळते. त्यातल्या त्यात मऊ वस्त्रासाठी चोकला. शाल, जाकीट, आसन यांसाठी मगरा, अशी माझी निवड राहील. शुद्ध चोकला आता सहज मिळत नाही. तांबूस तोंडाची कोणतीही मेंढी चोकला म्हणून बाजारात उभी केली जाते, म्हणून तोंडाच्या रंगावर सौदा करू नये. अविकानगरच्या संस्थेचे बिकानेर येथे केंद्र आहे, तेथे मगरा, मारवाडी आणि चोकला या जातींवर काम चालते आणि निवडलेले नर पशुपालकांना दिले जातात. आपण तेथे लेखी चौकशी करावी.

माझा मुख्य सल्ला मात्र असा आहे की आठही मेंढ्या विकू नका, नर बदला. मेंढी वर्षाला बहुधा एकाच कोकराला आपला अर्धा वारसा देते, नर तो कळपातल्या प्रत्येक कोकराला देतो. तंतूची जाडी हा गुण वारशाने चांगला उतरतो, त्यामुळे पैसा एकाच जनावरावर खर्च करायचा असेल तर तो नरावर करावा. एक नर पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो, म्हणजे आपल्याला एकच लागेल. दोन वर्षांनी त्याच्याच मुली माजावर येतील तेव्हा तो बदलून दुसऱ्या रक्ताचा नर आणावा लागेल, एवढे आधीच हिशेबात धरा. आपल्या मेंढ्यांतून कोणत्या ठेवायच्या ते येत्या चैत्रात, कातरणीआधी ठरवा. प्रत्येकीच्या खांद्यावरून, बरगडीवरून आणि मांडीवरून एकेक पुंजका कापा, कागदावर चिकटवा आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक लिहा. सहा जणींनी मिळून ते काळ्या कापडावर पाहा. माझा अनुभव असा की आठांतून तीन तरी ठेवण्याजोग्या निघतात, आणि त्या पाहण्याआधी ज्यांच्यावर आपला जीव असतो त्या बहुधा नसतात.

पुंजका मांडीवरचा का पाहायचा, तेही सांगते. खांद्यावर सगळ्याच मेंढ्यांची लोकर बरी असते आणि विकणारा तीच उकलून दाखवतो. गेल्या फाल्गुनात मानपूरच्या अलीकडे एका तळावर मी नर पाहायला गेले होते. मेंढपाळाने खांद्यावरची लोकर दोन्ही तळव्यांनी बाजूला केली, आत गुलाबी कातडी आणि लहान लहान लाटांची स्वच्छ पांढरी लोकर दिसली, आणि मी जवळजवळ होकार दिला होता. मग मांडी उकलली. तेथे बोटभर लांबीचे सरळ केस होते, बुडाशी खडूसारखे आखूड केस चिकटून होते आणि कपड्याला पुसले तर ते झडत होते. त्या वृद्ध मेंढपाळाने काही न बोलता तो नर सोडला आणि कळपाच्या कडेचा एक बारकासा, अंगाने कमी भरलेला नर पकडून माझ्यासमोर उलटा बसवला. त्याची मांडी खांद्यासारखीच होती. तोच मी घेतला. ज्याची लोकर खांद्यापासून मांडीपर्यंत सारखी, तो नर घ्यावा. एकच जागा अप्रतिम आणि बाकी राठ, असा घेऊ नये. बरोबरीने दातही पाहा. पुढचे दोन कायमचे दात आले म्हणजे वय सव्वा-दीड वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास. दोन किंवा चार दाती नर उत्तम. याहून लहान नराची लोकर पाहून निर्णय करू नये, कारण कोकराच्या अंगावरची पहिली लोकर पुढे येणाऱ्या लोकरीची खात्री देत नाही. खालचे दात वरच्या गादीला नीट टेकतात का, दोन्ही वृषण सारखे व घट्ट आहेत का आणि चालताना कोणताही पाय उचलून धरत नाही ना, हे पाहूनच पैसे द्या.

संख्या आठ-दहाच्या वर नेऊ नका. या जातींची मेंढी वर्षाला साधारण दीड ते दोन किलो लोकर देते. पोटाखालची, पायांवरची आणि मळकी लोकर काढून टाकली, धुण्यातील घट धरली, की हाती नऊशे ग्रॅम ते किलोभर कातण्याजोगी राहते, म्हणजे अंगभर स्वेटर विणून थोडी उरते. दहा मेंढ्यांची एवढी लोकर हाताने पिंजून, पेळू करून कातणे हे सहा जणींचे वर्षभराचे काम आहे. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला किलोभर कोरडा चारा लागतो. माळव्यात सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे भूस मुबलक मिळते, त्यामुळे चाऱ्याची अडचण पडणार नाही. फक्त भूस डोक्याच्या वर लावलेल्या गव्हाणीत घालू नका. मेंढ्या मान वर करून ओढतात आणि सगळा भुगा मानेवरच्या लोकरीत पडतो. तो पिंजताना निघत नाही, सुतात तुकडे होऊन राहतो. गव्हाण गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. कार्तिकात कुसळी गवत वाळले की त्या तुकड्यात मेंढ्या सोडू नका, कारण कुसळे लोकरीतून थेट कातडीत शिरतात. आणि मेंढ्यांवर खुणेसाठी ऑइलपेंट लावू देऊ नका. आपल्या पिवळ्या पुंजक्यात निळ्या रंगाचा एक कडक गोळा होता. तेवढी लोकर कापून फेकण्यावाचून उपाय नाही. कानातील बिल्ला पुरेसा असतो.

नर श्रावणाच्या सुमारास कळपात सोडला तर पाच महिन्यांनी, पौष-माघात कोकरे होतील, आणि त्या पुढच्या वर्षीच्या चैत्रात त्यांची खरी लोकर आपल्या हाती येईल. पहिल्या पिढीत पांढरे केस कमी होतील, नाहीसे होणार नाहीत. दुसऱ्या पिढीत फरक बोटांना जाणवेल. म्हणजे चार वर्षांचा हा उद्योग आहे, आणि तोवर मैत्रिणींचा उत्साह टिकावा म्हणून थोडी लोकर बाहेरून घेत राहण्यात मला काही गैर वाटत नाही.

राजस्थानहून नर आणताना १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला बरोबर हवा. घरी आल्यावर त्याला तीन-चार आठवडे स्वतंत्र ठेवा, जंताचे औषध द्या आणि मगच कळपात सोडा. आंत्रविषार आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून तेथे आहे आणि आपल्या शेतापासून जवळ आहे, त्याचा लाभ घ्या. राखणदाराला एक गोष्ट बजावून सांगा : गाई-म्हशींसाठी आणलेले खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये. त्यातील तांबे मेंढीच्या यकृतात साचत जाते आणि अचानक एके दिवशी जनावर दगावते.

प्रश्न : माझ्या आजीची काळी घोंगडी साठ वर्षांनंतरही शाबूत आहे. सोलापूरकडील नातेवाइकांमार्फत दख्खनी मेंढ्या इंदूरजवळच्या शेतावर आणून त्यांच्या नैसर्गिक काळ्या लोकरीची, न रंगवता, मऊ शाल करता येईल का? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : शाल होईल, मऊ होणार नाही. दख्खनी लोकर राठ आणि केसाळ असते व वर्षाला किलोच्या आतच मिळते. आजींच्या घोंगडीचे टिकाऊपण याच राठपणातून आणि घोंगड्या विणणाऱ्या सनगरांनी ताण्याला दिलेल्या चिंचोक्याच्या खळीतून आलेले आहे. होळकरांच्या या शहरात धनगरी मेंढी पाळावी असे कुणाला वाटले तर मला मनापासून आनंदच आहे, पण ती घोंगडीसाठी, आसनासाठी पाळावी. थोडे मऊ सूत हवे असेल तर कोकरांची पहिली कातरण, जिला जावळ म्हणतात, तेवढी वेगळी ठेवा. तिची टोके कापली गेलेली नसतात म्हणून ती कमी टोचते. काळ्या लोकरीची टोके उन्हाने तपकिरी पडतात, ती रंगछटा मला सुतात आवडते. काळ्या मेंढ्यांना पांढरा नर दाखवू नका. कोकरे कोणत्या रंगाची होतील याचा भरवसा राहत नाही आणि ठिपकेदार लोकर निवडून वेगळी करता करता हात दुखून येतात.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या आवारात हिरवळ आहे. कातण्यापुरती लोकर मिळावी म्हणून एक मेंढी पाळावी का? — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पाळू नये. मेंढी कळपाचे जनावर आहे. एकटी ठेवली तर ती दिवसभर ओरडते, चारा सोडते आणि खंगते. आपल्याला लोकर हवी आहे तर ती लोकरच विकत घ्यावी. फाल्गुनाच्या अखेरीस महू, मानपूर या बाजूला राईकांचे तळ पडलेले असतात आणि कातरणीही त्याच दिवसांत चालते. आदल्या संध्याकाळी जाऊन मेंढी निवडा, मांडीवरची लोकर पाहा आणि दर ठरवा. सकाळी कातरणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि स्वच्छ ताडपत्री बरोबर न्या, कारण एरवी लोकर मातीतच पडते. कातरणाऱ्याला एकाच जागी दुसऱ्यांदा कातर फिरवू नको, असे आधीच सांगा. त्या दुसऱ्या फेरीतले अर्ध्या इंचाचे तुकडे सुताला गाठी आणतात. पोटाखालची लोकर तेथेच वेगळी काढा आणि बाकीची जुन्या सुती चादरीत बांधून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घाम धरते आणि आठवड्याभरात तिला वास येऊ लागतो.